घेत नाहीत, की जात नाही?

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ होती. बाबा दिवाणखान्यात टीव्हीसमोर मांडीवर वर्तमानपत्र पसरून भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते आणि मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. सांगलीहून ते मार्चच्या सुरुवातीला आमच्याकडे, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेला आले, आणि आल्या दिवसापासून त्यांच्या समोरच्या पडद्यावर एकच चेहरा होता : वाढलेली दाढी, डोळ्यांवर ओढलेली टोपी, चाळिशी ओलांडलेला गोरा माणूस. त्याच्याभोवती कधी तीन, कधी चार तज्ज्ञ टेबलाशी बसून हातवारे करीत असत. बाबांना हा खेळ, अमेरिकन फुटबॉल, कळत नाही. इंग्रजी कळते, पण या मंडळींचे भरधाव इंग्रजी ते आवाज बंद करूनच ऐकतात. सहा आठवडे त्यांनी तो चेहरा निमूट पाहिला होता. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी शेंगेचे टरफल वर्तमानपत्रावर टाकले आणि मान न वळवता विचारले, "अगं, या माणसाला कोणी घेत नाहीये, की हाच कुठे जात नाहीये?"

मी "दोन्ही, बाबा" असे काहीतरी म्हणाले आणि गॅस बंद केला. उत्तर वेळ मारून नेण्यापुरते ठीक होते. पण रात्री भांडी आवरताना ते माझे मलाच खोटे वाटू लागले, कारण सतरा वर्षांत दोनदा, दोन वेगळ्या माणसांच्या बाबतीत, या गावाने "तो आता कुठे खेळणार" हा प्रश्न रात्रंदिवस चघळला होता. त्यात मीही होते, आणि इतक्या चघळण्यात हा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

तो चेहरा ॲरन रॉजर्सचा. आमच्या गावच्या पॅकर्स संघाचा पंधरा वर्षे राहिलेला क्वार्टरबॅक, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि २०२५ च्या त्या वसंतात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, कोणाचाच नसलेला. क्वार्टरबॅक म्हणजे नेमके कोण, हे बाबांना सांगताना मी म्हटले होते की मैदानावर आपले अकरा जण असतात, पण प्रत्येक डावाला चेंडू आधी याच्या हातात येतो, पुढे कोणाकडे जायचा ते हा ठरवतो, आणि चुकले तर शिव्याही हाच खातो. "म्हणजे वर्गशिक्षक," बाबा म्हणाले होते. पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाची ती व्याख्या होती, आणि मला ती अजूनही सगळ्यांत नेमकी वाटते.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गावात ड्राफ्ट होता. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पोरांची संघांमध्ये वाटणी करण्याचा हा लीगचा वार्षिक सोहळा मोठमोठ्या शहरांत होतो. लाखभर वस्तीच्या ग्रीन बेला तो त्या वर्षी मिळाला म्हणजे गावजत्रेला कुंभाचा मान मिळण्यासारखे होते. तीन दिवसांत सहा लाखांची हजेरी मोजली गेली. आमचे घर लॅम्बो फील्ड या पॅकर्सच्या स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर आहे. शेजारच्या आजोबांनी आपल्या अंगणातल्या गवतावर चुन्याने रेघा मारून गाड्या लावायची सोय केली, पुठ्ठ्यावर दर लिहिला आणि स्वतः घडीच्या खुर्चीत वसुलीला बसले. दुसरी खुर्ची त्यांनी बाबांसाठी मांडली. स्वेटरवर शाल, शालीवर माझ्या नवऱ्याची पॅकर्सची टोपी अशा थाटात बाबा तिथे बसले, आणि दोघे म्हातारे एकमेकांचे अर्धेच बोलणे समजून घेत तीन दिवस गप्पा मारत राहिले. गाडी लावायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण, तो शिकागोचा असो वा मिनेसोटाचा, पैसे देता देता आजोबांना विचारत होता : तो कुठे जाईल, असे तुम्हाला वाटते? जणू आजोबांच्या घरातलाच कोणी मुलगा परगावी निघाला होता.

गुरुवारी रात्री पहिल्या फेरीत एकविसाव्या क्रमांकावर पिट्सबर्गची पाळी आली तेव्हा मी गर्दीत उभी होते. थंडीने बोटे बधिर झाली होती, भाजलेल्या सॉसेजचा आणि सांडलेल्या बिअरचा वास हवेत होता, आणि खरे तर तिथल्या कोणालाही पिट्सबर्गशी देणेघेणे नव्हते. तरीही क्षणभर सगळे गप्प झाले. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक नव्हता. त्यांनी एखादा तरुण उचलला असता तर रॉजर्ससाठी उघडे राहिलेले शेवटचे दार लागले असते. त्यांनी बचाव फळीतला एक धिप्पाड गडी घेतला. माझ्या मागून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे जागा ठेवली आहे." त्या आवाजात उपहास होता, पण हायसे वाटल्याची छटाही होती, आणि ती मला ओळखीची वाटली, कारण मीही तोवर श्वास रोखून धरला होता. दोनच क्रमांकांनंतर पॅकर्सने आपला खेळाडू घेतला, आरोळीने रस्ता हादरला, आणि आम्ही सगळे पुन्हा आमचे झालो.

मी या गावात २००६ साली आले, नवऱ्याच्या कागद गिरणीतल्या नोकरीपायी. पहिले दोन हिवाळे मला या खेळाचा मनस्वी तिटकारा होता. रविवारी रस्ते ओस पडत, दुकानात चिटपाखरू नसे, आणि ऑफिसात सोमवारची पहिली पंधरा मिनिटे मला न कळणाऱ्या भाषेत जात. मग ६ मार्च २००८ ला पॅकर्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह निवृत्त झाला. ऑफिसच्या जेवणघरातल्या टीव्हीवर तो पत्रकारांपुढे बसून रडत होता, आणि माझ्या भोवती कागदाच्या रिळांशी झुंजणारे आडदांड पुरुष उघड रडत होते. त्यांतला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला की, सोळा वर्षे प्रत्येक रविवारी हा माणूस माझ्या घरी होता. मला त्या खेळाचे काही कळले ते त्या दिवशी. आमच्याकडे क्रिकेटपटू देशाचा असतो. त्याच्यावर सगळ्यांचा हक्क असतो, म्हणजे नेमका असा कोणाचाच नसतो. इथे तो गावाचा असतो. स्टेडियमच्या शेजारी त्याच्या नावाची गल्ली असते आणि किराणा दुकानात त्याच्या आवडत्या चिप्सची चर्चा असते.

आणि मग जुलैत त्याला पुन्हा खेळायचे झाले. तोवर गावाने डोळे पुसले होते, संघाने रॉजर्स नावाच्या, तीन वर्षे बाकावर बसवून ठेवलेल्या पोराला पुढे केले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला फार्व्हचे विमान इथल्या छोट्या विमानतळावर उतरले तेव्हा कुंपणाशी माणसे गोळा झाली होती, आणि त्याच संध्याकाळी लॅम्बोवर सरावासाठी जमलेल्या प्रेक्षकांपैकी काहींनी त्या पोराची हुर्यो उडवली. हा प्रसंग पुढे सगळे सोयीस्करपणे विसरले. काही दिवसांत फार्व्हला न्यू यॉर्क जेट्सकडे धाडण्यात आले. तिथे एक हंगाम खेळून तो पुन्हा निवृत्त झाला, आणि ऑगस्ट २००९ मध्ये पुन्हा परतला तो थेट मिनेसोटा व्हायकिंग्जच्या जांभळ्या शर्टात. मिनेसोटा म्हणजे शेजारचे राज्य, सख्खे भाऊबंद आणि म्हणून सख्खे वैरी. बांधावरून भांडणाऱ्या भावकीत आपला कर्ता माणूस जाऊन बसावा, तसे ते होते.

१ नोव्हेंबर २००९ ला तो जांभळ्या शर्टात लॅम्बोवर आला. शेजारचे आजोबा तेव्हा साठीचे होते. त्यांच्याकडे वडिलांकडून आलेली हंगामाची तिकिटे आहेत. ती मिळावीत म्हणून लाखाहून अधिक लोक प्रतीक्षा यादीत आहेत आणि बाळ जन्मल्यावर त्याचे नाव यादीत घालण्याची इथे रीतच आहे. त्या दिवशी ते मला सोबत घेऊन गेले होते. असा आवाज मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. सत्तर हजार माणसे एकाच माणसाची छी-थू करत होती, आणि माझ्या शेजारी बसलेला, चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणारा हा सौम्य गृहस्थ मानेच्या शिरा ताणून ओरडत होता. फार्व्हने चार टचडाउन फेकले, म्हणजे त्याच्या चार फेकींवर थेट गुण मिळाले, आणि ३८-२६ ने सामना नेला. परतताना आजोबा गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पाहिले, फार्व्हच्या चार क्रमांकाचा त्यांचा हिरवा शर्ट त्यांनी गाडी पुसायला घेतला होता.

सहा वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये, फार्व्हचा क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला. समारंभ आत दालनात होता आणि बाहेर स्टेडियममध्ये तो पडद्यावर पाहायला सदुसष्ट हजार माणसे बसली होती. आजोबांच्या अंगावर चार क्रमांकाचा शर्ट होता. तोच. ग्रीसचा एक डाग खांद्यापाशी राहिला होता.

म्हणजे आम्ही क्षमा करतो, पण माणूस खेळायचा थांबल्यावर. हे मला तेव्हा लक्षात आले होते आणि मी ते विसरून गेले होते, कारण तोवर माझा स्वतःचा माणूस रॉजर्स झाला होता. मी खेळ शिकले तो त्याच्यासोबत. मुलगी पोटात असताना, फेब्रुवारी २०११ मध्ये, त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. समोर पिट्सबर्ग होते, हे त्या वसंतात सगळ्यांना नव्याने आठवले. धावता धावता उजवीकडे झुकून, पाय जमिनीवर नीट नसताना, मनगटाच्या एका झटक्याने पन्नास यार्डांवर तो चेंडू असा ठेवायचा की जणू समोरच्याच्या तळहातावर पेढा ठेवतो आहे. त्या झटक्यासाठी मी त्याला बरेच काही माफ केले. २०२१ साली करोनाच्या लशीच्या प्रश्नावर त्याने दिलेले निसरडे उत्तर माफ करायला मात्र मला जमले नाही. त्या वर्षी आमच्या घरात भारतातून येणारा प्रत्येक फोन भीतीचा होता.

२०२० मध्ये संघाने पहिल्याच फेरीत जॉर्डन लव्ह या तरुण क्वार्टरबॅकला निवडले, तेव्हाच पुढची गोष्ट लिहून झाली होती. फार्व्हच्या मागे रॉजर्स तीन वर्षे बसला, रॉजर्सच्या मागे लव्ह तीन वर्षे बसला. जानेवारी २०२३ च्या शेवटच्या सामन्यात डेट्रॉइटकडून हरल्यावर प्रतिस्पर्धी संघातल्या एका तरुणाने त्याच्याकडे अंगातला शर्ट मागितला. खेळाडू असे शर्ट बदलतात. त्याने नम्रपणे नकार दिला, हा मी ठेवतो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी त्या वाक्याचा आठवडाभर अर्थ लावला. मग तो ओरेगॉनमध्ये चार दिवस मिट्ट अंधाऱ्या खोलीत विचार करायला बसला, आणि त्यावर जेवढे विनोद झाले तेवढे मी दुसऱ्या कोणावर ऐकलेले नाहीत. मला ते विनोद आवडले नव्हते. निवृत्ती घ्यावी की नाही, हे ठरवायला अंधार लागतो, यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून कळलेले नाही. अंधारातून निघून तो एप्रिलमध्ये जेट्सकडे गेला, फार्व्हच्याच वाटेने.

त्यानंतरची एक गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. ११ सप्टेंबर २०२३ ला, हातात झेंडा घेऊन तो न्यू यॉर्ककरांसमोर धावत मैदानात आला आणि चौथ्याच डावाला खाली बसला. डाव्या टाचेवरचा स्नायूबंध तुटला होता. आमच्या घरी त्या रात्री पाच-सहा जण जमले होते. कोणीतरी "अरेरे" म्हणाले. मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या कोणीतरी हिशेब मांडला : त्याला जेट्सकडे देतानाच्या सौद्याच्या अटीनुसार तो त्या हंगामात ६५ टक्के डाव खेळला असता, तर पुढच्या वर्षी जेट्सची पहिल्या फेरीतली निवड आपल्याला मिळाली असती, आता दुसऱ्या फेरीतली मिळेल. तो हिशेब मांडणारी मी होते. मनगटाच्या त्या झटक्यावर जीव टाकणारी, आणि पंधरा वर्षांत त्याच्या प्रत्येक दुखापतीला देवापुढे दिवा लावणारी मी.

तेव्हा २०२५ च्या वसंतात, तो कुठे जाईल, हा प्रश्न मी कोणत्या तोंडाने विचारत होते? फेब्रुवारीत जेट्सच्या नव्या प्रशिक्षकाला भेटायला तो देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या खर्चाने गेला होता, आणि बैठक सुरू होते न होते तोच, आम्हाला तुम्ही नको आहात, असे त्याला ऐकवण्यात आले. हे त्यानेच नंतर सांगितले. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग खरा होता. मग मिनेसोटाचे नाव निघाले, आणि इथे विस्कॉन्सिनमध्ये लोकांच्या अंगावर काटा आला : ग्रीन बे, जेट्स, व्हायकिंग्ज, पुन्हा तोच क्रम, पावलावर पाऊल. मिनेसोटाने आपला तरुण पोरगाच बरा म्हटले. न्यू यॉर्क जायंट्सने वाट पाहून दुसरे दोन अनुभवी क्वार्टरबॅक घेतले. उरले पिट्सबर्ग, आणि तिथे दार सताड उघडे होते. मार्चमध्ये तो तिथे जाऊन काही तास बसून आला, त्यांच्या नव्या झेल घेणाऱ्या गड्यासोबत कॅलिफोर्नियात चेंडू फेकून आला, आणि मग गप्प झाला. एप्रिलमध्ये त्याने सांगितले की, जवळच्या माणसांच्या अडचणी आहेत, पैशांचा प्रश्न नाही, एक कोटी डॉलरमध्येही खेळेन. दर वर्षी याच्या पाचपट मिळणाऱ्या क्वार्टरबॅकांच्या बाजारात ही रक्कम म्हणजे मानधनच. आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग खरा होता. पिट्सबर्गमध्येही सगळेच आनंदात होते असे नाही. त्यांच्या जुन्या काळचा मानकरी क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ याने तर या कल्पनेचीच जाहीर टर उडवली. मार्च गेला, एप्रिल गेला, मे निम्मा सरला. तो गप्पच.

मला वाटते, त्या गप्प राहण्यातच त्याला काही मिळत होते. हे मी रागाने म्हणत नाही. प्रश्न उघडा होता तोवर तो तीन-चार गावांचा होता, थोडासा आमचाही. उत्तर दिले की तो एका शर्टातला एक माणूस होणार होता, ज्याच्या खांद्याचे वय आणि टाचेचा टाका दर रविवारी मोजला जाणार होता.

बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी, मे महिन्याच्या ३१ तारखेला निवृत्त झाले. त्यात कोणाला काही ठरवायचे नव्हते. दाखल्यावरच्या जन्मतारखेने ते पहिलीत नाव घातले तेव्हाच ठरवून टाकले होते. शाल, श्रीफळ, तीन भाषणे, पेढे. मुलींनी म्हटलेले निरोपाचे गाणे, ते अर्ध्यावर विसरल्या. दुसऱ्या दिवशी बाबा साडेनऊला कपडे करून व्हरांड्यात येऊन उभे राहिले आणि मग परत आत जाऊन त्यांनी कपडे बदलले, हे आईने मला फोनवर सांगितले होते. त्याच जूनमध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका खासगी शाळेने त्यांना मानधनावर बोलावले. त्यांनी दोन आठवडे होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. गावात जो तो विचारायचा, "गुरुजी, मग काय ठरलं?" आणि बाबा म्हणायचे, "बघू." आई वैतागायची. मीही इथून वैतागत होते. मग ते गेले, आणि एसटी त्यांच्या जुन्या शाळेवरून जात असे तेव्हा, त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे, ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत.

क्रिकेटमध्ये आम्हाला या गोष्टीची सवय नाही, असे मी एकदा बाबांना म्हटले. त्यांना लगेच धोनी आठवला. चेन्नईच्या संघावर बंदी आली तेव्हा, २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम, तो पुण्याकडून खेळला होता. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे सामनेच महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले, आणि बाबांना धोनीपेक्षा मिरजेहून लातूरला निघालेली पाण्याची रेल्वे जास्त आठवते, कारण ती पाहायला ते स्टेशनवर गेले होते. "पुण्याच्या शर्टात तो आपला वाटायला हवा होता," ते म्हणाले, "पण पाहुणाच वाटला. जेवायला बसवावं, पण वाढून घ्या म्हणता येत नाही, तसा." दुसऱ्या वर्षी त्याचे कर्णधारपदही काढले, तेव्हा मात्र त्यांना राग आला होता म्हणे. पाहुण्याच्या ताटावरून उठवू नये.

आणखी एक आठवण मध्येच येते. इथे जुलैत सराव सुरू झाला की गावातली पोरे आपापल्या सायकली घेऊन स्टेडियमबाहेर रांगेत उभी राहतात, आणि ते महाकाय खेळाडू त्या इवल्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानापर्यंत जातात. पोर शेजारून त्याचे शिरस्त्राण सांभाळत पळते. ही इथली फार जुनी प्रथा आहे. माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना एका नवख्या खेळाडूने तिची जांभळी सायकल घेतली. रोज तीच घ्यायचा. "मिनेसोटाचा रंग आहे, पण चालेल," म्हणायचा. ऑगस्टच्या अखेरीस नव्वदांतून त्रेपन्न निवडले गेले, त्यांत तो नव्हता. मुलीने त्याचे नाव कितीतरी दिवस शोधले. टीव्हीवर चार माणसे टेबलाशी बसली नाहीत, कोणी गाडी लावता लावता विचारले नाही की, तो आता कुठे खेळेल. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग काय झालं त्याचं?" मला माहीत नव्हते.

ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, आजोबांनी बाबांना आपले गॅरेज दाखवले. मी दुभाषी म्हणून गेले. भिंतीवर संघाच्या समभागाचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. पॅकर्स हा लोकांच्या मालकीचा संघ आहे. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, आमच्या घरातही २०११ साली अडीचशे डॉलरना घेतलेला एक समभाग आहे. त्यावर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकता येत नाही, हे ऐकून बाबा म्हणाले, "मग हे शेअर कसले? ही तर गणपतीची वर्गणी झाली." मी भाषांतर केले. गणपती समजावण्यात पाच मिनिटे गेली, पण आजोबा खूष झाले. मग बाबांचे लक्ष कोपऱ्यातल्या खिळ्यावर गेले. तिथे रॉजर्सचा बारा क्रमांकाचा शर्ट टांगलेला होता, खांद्यांवर धुळीची रेघ. आत कपाटात नाही आणि फडक्यांच्या डब्यातही नाही. आजोबांनी खांदे उडवले. "तो थांबेल तेव्हा ठरवू," असे काहीसे ते म्हणाले.

घरी परतताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. फुटपाथवर कागदी पेले पडले होते, ते एकेक पायाने बाजूला करत चालले होते. मग म्हणाले, "प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या मी दिल्या ना, त्यातली एक दिली नव्हती. ॲसिडच्या कपाटाची."

"का?"

"राहिली खिशात." थोड्या वेळाने : "माझ्याच हाताखालचा पोरगा होता, त्यानं नवीन कुलूप आणलं. मला विचारलं नाही त्यानं. मीही बोललो नाही."

ती किल्ली कुठे आहे, हे मी विचारले नाही. सांगलीच्या घरी देवघराच्या खणात, वातींच्या डबीशेजारी, एक पितळी किल्ली मी लहानसहान कामांना खण उघडताना अनेकदा पाहिली आहे आणि ती कशाची, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बाबा मे अखेरीस परत गेले. मेमध्येच लीगने वेळापत्रक जाहीर केले होते : पिट्सबर्गचा पहिला सामना ७ सप्टेंबरला जेट्सशी, जेट्सच्याच मैदानावर, आणि २६ ऑक्टोबरच्या रविवारी रात्री पिट्सबर्गमध्ये पॅकर्सशी. तेव्हा त्याने कोणालाच होकार दिलेला नव्हता. वेळापत्रक करणाऱ्याने मात्र पाट मांडून ठेवले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली आणि ७ तारखेला त्याने स्टीलर्सच्या करारावर सही केली. मी ऑफिसातून येताना गाडीत ऐकले होते. आनंद झाला नाही, रागही आला नाही. मिनेसोटा नाही, एवढे मनात आले. शर्टाचा क्रमांक आठ. बारा तिथे ब्रॅडशॉचा म्हणून कोणाला देत नाहीत. शेजारी आजोबा गवत कापत होते. मी कुंपणापाशी थांबले, तेव्हा त्यांनी यंत्र बंद केले, पिट्सबर्ग असे नुसते ओठांनी म्हटले, आणि पुन्हा चालू केले. स्वयंपाकघरातल्या त्यांच्या कॅलेंडरवर २६ ऑक्टोबरभोवती गोल केलेला मी नंतर पाहिला. गॅरेजमधला शर्ट खिळ्यावरच आहे.

रविवारी सकाळी सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, पाऊस पडत होता, आणि पन्हाळीचे पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज फोनमधून येत होता. बाबांनी तब्येतीची चौकशीही करू दिली नाही.

"गेला का तो?"

"गेला. पिट्सबर्गला."

"किती वर्षांचा करार?"

"एकच वर्षाचा."

बादली भरली असावी. त्यांनी आईला हाक मारून सांगितले. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"बरं," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या मार्चमध्ये मी येईन, तेव्हा पुन्हा हेच."